सक्तीच्या शाळेचा राजा

कोल्हापुरात दसरा चौक कुणाला विचारत जावे लागत नाही. चौकाच्या मधोमध राजर्षी शाहू छत्रपतींचा पुतळा उभा आहे आणि त्याच्या भोवती हाकेच्या अंतरावर जुन्या वसतिगृहांच्या इमारती आहेत. मुस्लिम बोर्डिंग, जैन बोर्डिंग, लिंगायत समाजाचे बोर्डिंग अशी ही नावे. कोल्हापूरकर त्यांना वसतिगृहे म्हणत नाही. 'बोर्डिंग' हाच शब्द इथल्या बोलीत मुरला आहे. या आवारांत सभा होतात, मोर्चे जमतात, रिक्षा थांबतात, आणि शंभर वर्षांपूर्वी खेड्यापाड्यांतली मुले पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन इथेच येऊन उतरत होती, हे पाहणाऱ्याच्या मनातही येत नाही. त्या मुलांना इथवर आणण्यासाठी एका राजाने काय काय केले, त्याची ही हकिकत आहे.

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा. कागलच्या घाटगे घराण्यातला हा मुलगा, मूळचे नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव आबासाहेब कागल जहागिरीचे अधिपती, आई राधाबाई मुधोळच्या घोरपडे घराण्यातल्या. कोल्हापूरच्या गादीवरील चौथे शिवाजी महाराज १८८३ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात, इंग्रजांच्या पहाऱ्यात वारले. त्यांच्या मागे १७ मार्च १८८४ रोजी दहा वर्षांचे यशवंतराव दत्तक आले आणि शाहू छत्रपती झाले.

याच कागल गावाशी आणखी एका मुलाचे नाव जोडलेले आहे. त्याचे वडील कागल जहागिरीत साध्या नोकरीवर होते. ते अकाली गेले, तेव्हा थोरल्या भावाने शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये धाकट्याच्या शिक्षणासाठी कोल्हापूरला पाठवायला सुरुवात केली. तो धाकटा भाऊ म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. १८८१ मध्ये ते कोल्हापुरातून मॅट्रिक झाले आणि पुढे काही काळ राजाराम कॉलेजात शिकले. गोखले महाराजांहून आठ वर्षांनी वडील. एक जहागीरदाराचा मुलगा, दुसरा त्याच जहागिरीतल्या कारकुनाचा. पुढे एकाच प्रश्नाने या दोघांना गाठले. एकाला त्यात अपयश आले. दुसऱ्याला ते काम आपल्या राज्यापुरते पार पाडता आले. त्या प्रसंगाकडे आपण यथावकाश येऊ.

महाराजांचे स्वतःचे शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाडला स्टुअर्ट फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली झाले. पुस्तकी विद्वान म्हणून त्यांची ख्याती कधीच नव्हती. घोडे, शिकार, कुस्ती यांत ते रमत. रांगडी कोल्हापुरी बोली बोलत. देह धिप्पाड आणि आवाजही तसाच. विद्येवर ज्याचा एवढा खर्च झाला, तो माणूस पुस्तकांपेक्षा तालमीत अधिक रमणारा होता, ही गोष्ट मला नेहमीच मोठी मौजेची वाटते. शाळेची गोडी ज्याला स्वतःला फारशी नव्हती, त्यालाच शाळेवाचून माणसाचे काय होते हे बारकाईने दिसले.

२ एप्रिल १८९४ रोजी वयाच्या विसाव्या वर्षी राज्याधिकार हाती आले. राज्यकारभाराचे कागद पाहताना एक हिशेब त्यांच्या नजरेस पडला. सामान्य प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० जागांवर एकाच जातीचे, म्हणजे ब्राह्मण अधिकारी होते. यात त्या अधिकाऱ्यांचा काही अपराध होता असे नाही. इंग्रजी शिकलेला उमेदवार हवा, आणि इंग्रजी शिकलेले होतेच मूठभर. कोल्हापुरात इंग्रजी शाळा १८५१ पासून होती. न्यायमूर्ती रानड्यांनी बालपणी इथेच विद्येचे धडे घेतले. १८८० मध्ये राजाराम कॉलेजही सुरू झाले. शाळा होती, कॉलेज होते, तरी शेतकऱ्याचा मुलगा त्यात दिसत नव्हता. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे नेमके हेच गाऱ्हाणे मांडले होते. शेतकऱ्यांच्या घामातून जमणारा महसूल वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि खेड्यातले मूल अक्षरओळखीलाही मुकते, असा त्या निवेदनाचा मथितार्थ होता.

शाळा गावात असूनही मूल शाळेत का जात नाही, याचा शोध महाराजांनी व्यवहाराच्या अंगाने घेतला. खेड्यातला मुलगा कोल्हापूरला शिकायला आला, तर राहायचे कुठे आणि जेवायचे कुठे, हा पहिला प्रश्न. गरीब ब्राह्मण मुलाला माधुकरी होती, वार लावून जेवण्याची सोय होती. आठवड्याच्या सात दिवशी सात घरी पान मांडले जाई. त्यात हाल आणि अपमान पुष्कळ होते, पण शिक्षण होऊन जाई. कुणब्याच्या, धनगराच्या, कोष्ट्याच्या मुलाला अशी सोय नव्हती, आणि महाराच्या किंवा मांगाच्या मुलाला तर भाड्यानेही कोणी खोली देत नसे. म्हणजे अडचण फळ्याजवळ नव्हती, चुलीजवळ होती. महाराजांच्या शैक्षणिक कार्याचे मर्म मला या एका निरीक्षणात दिसते.

१८९६ मध्ये त्यांनी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले. व्यवहारात ते एकाच जातीच्या मुलांनी भरले. इतरांना तिथे रुजता येईना. दरम्यान प्लेगची साथ आणि दुष्काळ यांनी राज्याला घेरले. वेदोक्ताचा वाद त्याच सुमारास, १८९९ मध्ये उफाळला. छत्रपतींच्या घराण्याला वेदोक्त मंत्रांचा अधिकार नाही, असे त्यांच्याच पुरोहिताने त्यांना ऐकवले. या प्रकरणाची चर्चा पुष्कळ झाली आहे, इथे ती लांबवण्याचे कारण नाही. स्वतः राजाची ही गत, तर रयतेची काय असेल, हा विचार त्यांच्या मनात पक्का रुजला एवढे मात्र खरे.

एकत्र वसतिगृह चालत नाही, तर जातवार वसतिगृहे काढू, असा निर्णय त्यांनी घेतला. १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. भास्करराव जाधव, पी. सी. पाटील अशा शिकलेल्या मंडळींनी त्याला हातभार लावला. त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग निघाले. १९०६ मध्ये मुसलमान समाजाच्या शिक्षणासाठी संस्था स्थापन झाली, तेव्हा तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले. पाठोपाठ लिंगायत, दैवज्ञ, शिंपी समाजाचे नामदेव, पांचाळ, सारस्वत, भारतीय ख्रिस्ती, वैश्य, ढोर-चांभार अशी वसतिगृहांची रांगच लागली. प्रत्येक वेळी पद्धत ठरलेली. समाजातल्या चार जाणत्या माणसांना बोलावून घ्यायचे, वर्गणी गोळा करायला लावायची, आणि मग दरबारातून जागा, इमारतीला मदत आणि दरसालचे अनुदान द्यायचे. सगळे राजाने आयते दिले असते तर त्याची किंमत राहिली नसती, हे त्यांना ठाऊक असावे. समाजाने आपल्या मुलांसाठी हात खिशात घालावा, हा आग्रह त्यांनी सोडला नाही.

जातवार वसतिगृहांनी जाती मोडल्या की घट्ट केल्या, हा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही घेतला जातो. तो सहज झटकून टाकण्याजोगा नाही. ज्या राजाला जातिभेद नको होता, त्याच्याच राजधानीत जातींच्या पाट्या लावलेल्या इमारती उभ्या राहिल्या, हा विरोधाभास आहेच. पण १९०१ मध्ये दुसरा पर्याय कोणता होता, हेही पाहिले पाहिजे. एकत्र पंगतीची वाट पाहत बसायचे म्हटले असते, तर तोवर मुलांच्या दोन पिढ्या गुरांमागे गेल्या असत्या. मुले आधी शिकू द्या, पंगतीचे पुढे पाहू, असा तो हिशेब होता, आणि त्या काळापुरता तरी तो बरोबर होता असे मला वाटते.

शिकून बाहेर पडलेल्या मुलाला पुढे काय, याचे उत्तर त्यांनी २६ जुलै १९०२ रोजी दिले. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते विलायतेला गेलेले असतानाच करवीर गॅझेटमध्ये हुकूम प्रसिद्ध झाला की, यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकी सर्व मागासलेले, अशी व्याख्याही त्यात होती. या हुकुमावर पुण्या-मुंबईच्या वृत्तपत्रांतून टीका झाली. आरक्षणाचा इतिहास सांगताना या तारखेचा उल्लेख नेहमी होतो; पण हा हुकूम वसतिगृहांच्या पाठोपाठ आला, हा क्रम सहसा कोणी सांगत नाही. नोकरीचे दार उघडण्याआधी तिथवर पोहोचण्याची वाट करून ठेवली होती.

एप्रिल १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या कन्येचे नाव त्याला दिले होते. व्हिक्टोरिया काय किंवा मिस क्लार्क काय, ही इंग्रजी नावे म्हणजे निव्वळ खुशामत, असे कुणाला वाटू शकते. मला त्यात एक धूर्त बेत दिसतो. गव्हर्नरच्या मुलीच्या नावाच्या संस्थेला सनातन्यांनी उघड विरोध करायचा, तर सरकारचा रोष पत्करावा लागणार. परकीय नावाची ती छत्री होती.

या बोर्डिंगच्या उद्घाटनाशी एक हकिकत जोडलेली आहे. जैन बोर्डिंगमध्ये राहून राजाराम हायस्कुलात शिकणारा कुंभोजचा एक दांडगट मुलगा त्या समारंभाला गेला. परतल्यावर त्याने स्नान करून शुद्ध व्हावे, असे सांगण्यात आले. त्याने साफ नकार दिला आणि बोर्डिंगमधले त्याचे दिवस संपले. हा मुलगा म्हणजे भाऊराव पाटील. शाळेच्या परीक्षांत त्याची गती बेताचीच होती. पुढे याच माणसाने ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला जे वसतिगृह काढले, त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले. त्या वसतिगृहात मात्र सर्व जातींची मुले एकाच पंगतीला बसत. कोल्हापुरात १८९६ मध्ये जे जमले नव्हते, ते साताऱ्यात असे जमले.

आता गोखल्यांकडे वळू. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी कलकत्त्याच्या केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. फारच सौम्य विधेयक होते ते. जिथे बऱ्यापैकी मुले आधीच शाळेत जात असतील, तिथेच स्थानिक संस्थांनी ठरवले तर सक्ती करावी, इतकेच. तरीही १९१२ मध्ये ते मोठ्या बहुमताने फेटाळले गेले. सरकारला खर्च नको होता. बड्या जमीनदारांना मजूर शिकलेले नको होते. काही लोकनियुक्त सभासदांनाही सक्ती हा शब्द रुचला नाही. १९१५ च्या फेब्रुवारीत गोखले गेले. देशात सक्तीचे शिक्षण तोवर अंमलात होते ते प्रामुख्याने बडोद्यात. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग करून १९०६ मध्ये ते साऱ्या राज्याला लागू केले होते. पण बडोदे श्रीमंत राज्य. कोल्हापूरची गोष्ट वेगळी होती.

जुलै १९१७ मध्ये करवीर दरबारने राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्याचा निर्णय जाहीर केला. नुसता जाहीरनामा काढून महाराज थांबले नाहीत. सक्तीच्या शिक्षणासाठी स्वतंत्र व्यवस्था उभी केली. शाळायोग्य वयाच्या मुलांच्या याद्या गावोगाव तयार करायला लावल्या. यादीतले मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठरवला. दिवसाकाठी काही आण्यांवर राबणाऱ्या माणसाला हा रुपया किती जड असेल, याची कल्पना आज येणार नाही. स्वतःला रयतेचा कैवारी म्हणवणारा राजा रयतेलाच दंड करू निघाला होता. मुलगा गुरे राखतो, धाकट्या भावंडाला सांभाळतो, पेरणीला हाताशी असतो. त्याला शाळेत पाठवले तर घराचे काम कोण करणार, ही शेतकऱ्याची तक्रार खोटी नव्हती. महाराजांनी ती ऐकली आणि तरीही दंड कायम ठेवला. बापाच्या गरजेपुढे मुलाच्या आयुष्याचा हक्क मोठा, असा तो निवाडा होता.

पैसा उभा करणे हे दुसरे संकट. दरबारच्या तिजोरीतून वर्षाला सुमारे लाख रुपयांची तरतूद झाली. घरांवर शिक्षणपट्टी बसवली. इमारतींवर पैसे घालवण्यापेक्षा गावातली देवळे, चावड्या, धर्मशाळा शाळेसाठी वापराव्यात, असे ठरले. शिक्षकही पुरेसे नव्हते. ते तयार करावे लागले. उच्च शिक्षणाचा भार हलका करण्यासाठी १९१९ मध्ये राजाराम कॉलेज आर्य समाजाकडे सोपवण्यात आले. ज्या कॉलेजात गोखले शिकले, ज्याच्यावर शहराचा अभिमान, ते असे दुसऱ्याच्या हाती द्यावे, हे पुष्कळांना खटकले. आधी खेड्यातली बाराखडी आणि मग शहरातली पदवी, हा क्रम महाराजांच्या मनात ठरलेला होता, आणि फुल्यांच्या निवेदनाशी तो सरळ जुळतो.

४ मार्च १९१८ रोजी करवीर पेट्यातल्या चिखली या गावी पहिली सक्तीची शाळा उघडली. याहून वाईट वर्ष निवडता आले नसते. जूनच्या १२ तारखेला महाराजांचे धाकटे चिरंजीव शिवाजी शिकारीत झालेल्या अपघातात दगावले. त्यांच्या लग्नाला जेमतेम वर्ष झाले होते. त्या वर्षी पावसाने दगा दिला, आणि पाठोपाठ इन्फ्लुएंझाची भयंकर साथ सबंध देशावरून फिरली. कोल्हापूरही तिच्यातून सुटले नाही. पोटाला धान्य नाही, घरोघरी आजारी माणसे, आणि दरबार म्हणतो मुलांना शाळेत पाठवा. एखाद्या व्यवहारी दिवाणाने योजना दोन वर्षे पुढे ढकलण्याचा सल्ला दिला असता, तर कोणी त्याला दोष दिला नसता. योजना पुढे ढकलली गेली नाही. पहिल्या वर्षी सक्तीच्या २७ शाळा होत्या आणि मुले १,२९६. १९२१-२२ मध्ये शाळांची संख्या ४२० झाली आणि मुलांची २२,००७.

याच काळात आणखी एक हुकूम निघाला. अस्पृश्य मुलांसाठी राज्यात वेगळ्या शाळा होत्या आणि १९११ पासून त्यांचे शिक्षण मोफत होते. ३० सप्टेंबर १९१९ च्या हुकुमाने या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत घ्यावे, असे ठरवण्यात आले. वसतिगृहे जातवार काढणारा राजा अठरा वर्षांनी शाळेचा वर्ग मात्र एक करतो, हे त्या जुन्या आक्षेपाला त्याने कृतीने दिलेले उत्तर मानता येईल. पुढच्याच वर्षी, मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतल्या माणगावी अस्पृश्यांची परिषद भरली. तिचे अध्यक्ष होते परदेशात शिकून आलेले तरुण डॉ. भीमराव आंबेडकर. महाराज तिथे आवर्जून गेले आणि या तरुणाच्या रूपाने तुम्हांला तुमचा पुढारी मिळाला आहे, असे त्यांनी जमलेल्यांना सांगितले.

मुलींच्या शिक्षणाबाबत बाहेरचे काम आधीच चालू होते. रखमाबाई केळवकर या बाईंकडे राज्यातल्या स्त्री-शिक्षणाची जबाबदारी होती आणि त्यांच्या कन्या कृष्णाबाई यांना वैद्यकीच्या पुढील शिक्षणासाठी दरबारने विलायतेला पाठवले होते. परंतु खरी परीक्षा घरात व्हायची होती. धाकट्या मुलाच्या मागे राहिलेली सून, सासवडच्या जगताप घराण्यातली इंदुमती, तेव्हा अकरा-बारा वर्षांची होती. राजघराण्यातल्या विधवा सुनेने पडद्याआड राहून आयुष्य काढायचे, हाच रिवाज. महाराजांनी तिला वाड्यातून काढून शहराबाहेर सोनतळीला नेले आणि तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली. तिला एकटे वाटू नये म्हणून निरनिराळ्या जातींच्या चार मुली सोबतीला ठेवल्या. राजवाड्यातून या गोष्टीला झालेला विरोध त्यांनी सोसला. हुकूम काढून रयतेला दंड करणे सोपे असते. घरातल्या माणसांची नाराजी रोज जेवताना समोर असते. सुनेने डॉक्टर व्हावे, अशी त्यांची इच्छा होती.

ती पाहण्यापुरते आयुष्य त्यांना मिळाले नाही. मधुमेहाने आणि पुत्रशोकाने देह खचला होता. ६ मे १९२२ रोजी मुंबईत खेतवाडीतल्या पन्हाळा लॉजवर त्यांचे निधन झाले. वय अवघे ४७. इंदुमतीदेवींचे डॉक्टर होणे राहून गेले. पण त्या मॅट्रिक झाल्या आणि पुढे १९७१ पर्यंतच्या आपल्या आयुष्यात कोल्हापुरातल्या मुलींच्या शिक्षणासाठी राबत राहिल्या. त्यांच्या नावाचे मुलींचे हायस्कूल शहरात आहे.

महाराजांचे पहिले मोठे इंग्रजी चरित्र १९२४ मध्ये लिहिणारे अण्णासाहेब लठ्ठे पुढे कोल्हापूरचे दिवाण आणि १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. भास्करराव जाधव त्याआधीच मुंबई इलाख्यात मंत्रिपदावर पोहोचले होते. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणाचा हक्क देशाच्या राज्यघटनेत आला तो २००२ मध्ये, आणि त्याचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. चिखलीची शाळा उघडली त्याला तेव्हा ९२ वर्षे झाली होती.